"कुलूप कुठलं होतं?"

गेल्या शनिवारी माझी इलेक्ट्रिक सायकल चोरीला गेली. रविवार कारंजावर आईची औषधं घ्यायला थांबलो होतो, सात-आठ मिनिटांचं काम. बाहेर येऊन बघतो तर जागा रिकामी! तेव्हापासून घरी, ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न, "कुलूप कुठलं होतं?"

अहो, कुलूप चांगलंच होतं. वर साखळीपण होती. पण ती बांधू कशाला? दुकानाच्या जाळीला बांधली की शेठ ओरडतो, खांबाभोवती आधीच चार स्कूटर. शेवटी साखळी चाकातच अडकवली. चाक फिरणार नाही हो, पण वीस-बावीस किलोची सायकल दोघांनी उचलून टेम्पोत टाकली की खेळ खल्लास. "बॅटरी काढून न्यायची ना!" हा आणखी एक सल्ला. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात मेथीची जुडी... फिरा तुम्ही!

चौकीत पहिला प्रश्न, "गाडी नंबर?" आता आली का पंचाईत! मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर कायदा तिला मोटार वाहन मानत नाही. लायसन्स नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको. विकताना हेच कौतुकाने सांगतात. पण मग ती विकताना चोरालाही आरटीओची कटकट नाही, हे कोण सांगणार? फ्रेमवर कोरलेला नंबर असतो, तो मी कधी टिपून ठेवला नव्हता. ही चूक माझी, मान्य. नशीब, बिलावर सापडला.

बाकी चूक मात्र माझी नाही. 2015 साली आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी सायकलवर अख्खी अमेरिका पार केली, तेव्हा केवढी कॉलर ताठ झाली होती आपली! आणि त्याच नाशकात बाजारात सायकल बांधायला एक लोखंडी कडी मला सापडत नाही. उलट्या यू आकाराचा पाईप सिमेंटमध्ये गाडायचा, बास. कुठलाही वेल्डिंगवाला करून देईल. महापालिकेला यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही. (नेमतील म्हणा!) चारचाकीला पार्किंग मागितलं तर तो हक्क, सायकलला कडी मागितली तर आम्ही बावळट?

काल त्या मेडिकलवाल्या काकांना विचारलं, तुमच्या पायरीशेजारी माझ्या खर्चाने कडी बसवू का? म्हणाले, "जागामालकाला विचारून सांगतो."