तिसऱ्या नावाचे काय?

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नाने उरकून घरची मंडळी फराळाच्या ताटांभोवती जमली, की आमच्याकडे एक जुनी ध्वनिमुद्रिका लावायचा प्रघात आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' हे तिचे नाव. १९६७ साली ती निघाली. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात सुरांनी सांगितला आहे. पहाटेच्या अहीर भैरवापासून नटभैरव, पिलू, भूप, देस असे टप्पे घेत तो दिवस पहाडीपाशी विसावतो.

गेल्या दिवाळीत मी जमलेल्या पाहुण्यांची परीक्षा घेतली. "संतूर कोणाचे?" एकमुखाने उत्तर आले, "शिवकुमार शर्मा!" "आणि बासरी?" शाळकरी भाच्यानेही चकली मोडता मोडता सांगून टाकले, "हरिप्रसाद चौरसिया!" "शाबास. आता हे तिसरे वाद्य कोणाचे?" ताटांवरचे हात थबकले. एक म्हणाला वीणा असावी. दुसऱ्याने सरोदाचे नाव घेतले. आणि आमचे एक काका, जे गाण्याच्या बैठकीत नेहमी पहिल्या रांगेत बसतात, ते करंजी उचलीत म्हणाले, "ते मधूनमधून वाजते तेच ना? असेल कोणीतरी!"

त्या 'कोणीतरी'चे नाव ब्रिजभूषण काबरा. ते वाद्य वीणा नव्हे, सरोदही नव्हे. ती गिटार आहे. तिघांच्या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिकेतला हा तिसरा धनी आपण विसरलो, आणि ही विस्मृती निव्वळ निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे एक जुनी अढी आहे, असे माझे म्हणणे आहे. सणासुदीला कटू बोलू नये हे मलाही कळते. पण कारीट फोडल्याशिवाय आपली नरकचतुर्दशी तरी कुठे साजरी होते?

आधी माणूस पाहू. काबरा १९३७ साली जोधपूरला जन्मले. घरात संगीत होते. वडील गोवर्धनलाल हे इनायत खाँ यांच्याकडे सतार शिकलेले. थोरले बंधू दामोदरलाल अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द आणि सरोदिये. अशा घरातल्या धाकट्याने कलकत्त्यात हवाईयन गिटार ऐकली आणि तिच्यावर तो लुब्ध झाला. वडिलांना ते रुचणे शक्यच नव्हते. गिटार म्हणजे नाचगाण्याच्या जागी वाजणारे वाद्य! अखेर मुलाने शब्द दिला की या वाद्यावर आपण रागसंगीताखेरीज काही वाजवणार नाही. शिक्षणाने तो भूशास्त्रज्ञ झाला. पण अली अकबर खाँसाहेबांची तालीम घेऊन त्याने तो शब्द पुरा केला.

आता वाद्य पाहू, कारण सारी गंमत तिथेच आहे. काबरांच्या मांडीवर असे ते गिब्सन कंपनीचे 'सुपर ४००' हे भले थोरले अमेरिकन वाद्य. १९३४ साली ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत चारशे डॉलर होती, म्हणून हे नाव. अठरा इंच रुंदीची ती पोकळ काया जॅझच्या वाद्यवृंदासाठी घडवलेली. काबरांनी तिला आडवी निजवली. वरच्या टोकाची पट्टी उंच करून तारा पडद्यांपासून इतक्या वर उचलल्या की ते पडदे नुसते शोभेचे उरले. आधारस्वरासाठी एक जादा तार बसवली. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादी कांडी. ती कांडी तारेवरून घसरत जाते आणि एका स्वरातून दुसरा स्वर असा निघतो, की मधे कुठे सांधा दिसत नाही. यालाच आपण मींड म्हणतो. गळ्याला जे सहज साधते आणि बहुतेक वाद्ये ज्यासाठी जन्मभर झुरतात, ते या वाद्याच्या प्रकृतीतच आहे. म्हणून काबरांची आलापी ऐकताना बोटांची करामत आठवत नाही, गाणारा गळा आठवतो.

आणि आता आपला न्याय पाहा. शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईच्या हरिदास संमेलनात संतूर वाजवले तेव्हा जाणकारांनी आक्षेप घेतला, की या वाद्यात मींड नाही, हे रागसंगीताचे वाद्यच नव्हे. शर्मांनी जिद्दीने तो आक्षेप जिंकला. त्यांना त्रिवार वंदन. पण मग ज्या वाद्यात मींड ओतप्रोत भरली आहे, त्याला आपण दारात का तिष्ठत ठेवले? आक्षेप जर मींडेचा होता, तर गिटारला पहिला पाट मिळायला हवा होता. तो मिळाला नाही, याचा अर्थ आपण वाद्याचा सूर तपासतच नव्हतो. त्याचे गाव विचारत होतो.

"अहो, ते विलायती वाद्य," असे कोणी म्हणेल. मग व्हायोलिन कुठले? बेळगावचे? आणि ज्या पेटीवाचून आपली मैफल उभी राहत नाही, ती कोणत्या ऋषीने दिली? १९४० साली आकाशवाणीने याच पेटीला परकी आणि बेसूर ठरवून हद्दपार केले, आणि १९७१पर्यंत ती बंदी टिकली. तेव्हा सर्वांत अधिक हळहळलो ते आपणच. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्यांनी मनात जपली, त्यांनी गिटारच्या तोंडावर तोच दरवाजा लोटावा, याला काय म्हणावे?

बरे, वाद्य परके असेल, पण ती घसरती कांडी तरी परकी आहे काय? हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादाचा तुकडा तारांवर फिरवून ही रीत रूढ केली, असे मानतात. पण आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातच 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणा वर्णिली आहे, आणि तिच्या तारेवर बांबूची कांडी फिरत असे. दक्षिणेतले गोट्टुवाद्यम्, उत्तरेतली विचित्रवीणा, दोन्ही त्याच घसरणीवर चालतात. म्हणजे पाहुणा म्हणून ज्याला उंबऱ्याबाहेर उभा केला, त्याच्या हातात आपल्याच घरची किल्ली होती!

यावर एक पळवाट निघाली आहे. गिटारला 'वीणा' म्हणायचे. विश्वमोहन भट्टांनी आपल्या गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली तिने ग्रॅमी पारितोषिक मिळवले. वादक मोठा, यश मोठे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण तुमच्याआमच्याशी आहे. वीणा म्हटले की आपण नमस्कार करतो आणि गिटार म्हटले की नाक मुरडतो. नाव बदलले म्हणजे सोवळे झाले! काबरांनी गिटारला गिटारच म्हटले. बारसे बदलून मान मिळवण्यापेक्षा सुरावर मिळाला तर घ्यावा, या बाण्याचा माणूस मागे पडतो, हे आपल्या रसिकतेला भूषणावह आहे काय?

दुसरी बाजूही मांडतो. काबरा अहमदाबादेस राहिले. मुंबई, दिल्ली, परदेश यांचा सततचा फेरा त्यांच्या दोन सोबत्यांइतका त्यांनी केला नाही. शिवाय हिंदी चित्रपटांची गाणी गिटारवर वाजवणाऱ्या तबकड्या घरोघर इतक्या गेल्या, की गिटार म्हणजे हलकेफुलके काही, हा ग्रह पक्का झाला. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांनी त्या वाजवल्या आणि गोड वाजवल्या. पण पेटीवर लावणी वाजते म्हणून तिच्यावर ख्याल साथीला घेऊ नये, असे आपण कधी म्हटले नाही. हा हिशेब गिटारलाच का?

मागे एका गावच्या संगीत मंडळाकडे मी शास्त्रीय गिटारची बैठक सुचवली होती. चिटणीस सौजन्याने म्हणाले, "छान कल्पना! तरुणांच्या संध्याकाळी ठेवू. पावभाजीच्या स्टॉलशेजारी मांडव असतो." मी हसलो, पण ते हसू पुरते खरे नव्हते.

आणि मराठी माणसाला तर या विस्मरणाची दुप्पट लाज वाटावी. ती ध्वनिमुद्रिका ज्यांच्या देखरेखीखाली निघाली ते जी. एन. जोशी, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. तबल्यावर माणिकराव पोपटकर. म्हणजे तिसऱ्या नावाबरोबर चौथे आणि पाचवेही आपण गाळून बसलो.

काबरा १२ एप्रिल २०१८ रोजी गेले. देबाशिष भट्टाचार्यांसारख्या शिष्याच्या हातून ती कांडी पुढे फिरली. आता त्यांना मानपत्राची गरज नाही. गरज आहे ती आपल्याला, आपला कान धुऊन घेण्याची. उटणे अंगाला लावतो तसे थोडे कानालाही लावावे. या दिवाळीत ती ध्वनिमुद्रिका लावा, आणि तो सांध्यावाचूनचा सूर निघाला की घरातल्या लहानग्याला विचारा, "हे कोण वाजवतेय?" त्याला सांगता आले नाही, तर रागावू नका. आधी आपणच त्याला ते नाव सांगितले होते का, तेवढे आठवून पाहा.