नोंदवहीतील गाव

पावसाळ्याचे पहिले पाणी वाहून गेले, की जुन्या गावांच्या पांढरीवर लहानसहान वस्तू उघड्या पडतात. शंखाच्या बांगडीचा तुकडा, अकीकाचा मणी, झिजलेले नाणे, नक्षीचे खापर. पोरे ती खेळायला घेतात, कोणी देव्हाऱ्यात ठेवतो, कोणी मोडीत घालतो. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावातही असेच घडत आले. वारकऱ्यांना हे गाव संत गोरा कुंभार यांचे म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ‘तगर’ म्हणून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत, पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार दाखवून दिले.

विद्वानांनी नाव जुळवले; वस्तू मात्र गावातील एका माणसाने जमवल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, टेकाडांवर व नदीच्या दरडीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. इतरांना जो कचरा वाटत होता त्यात त्यांना आपल्या गावाचा भूतकाळ दिसला. पुढे त्यांचा हा संग्रह शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत तेथे शास्त्रीय उत्खननेही झाली. परंतु या संग्रहालयाचा गाभा आहे तो एका गावकऱ्याच्या छंदाचा.

या संग्रहातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे एका घराच्या उत्खननात मिळाली आणि ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही याच घडणीच्या मूर्तीचा अवशेष हाती आला. त्यामुळे पाँपेईची ती मूर्ती दख्खनच्या या भागातूनच समुद्रापार गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. मराठवाड्यातल्या एका गावाचा धागा भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत पोहोचतो, ही कोणालाही अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

अभिमानाच्या भरात एक फरक मात्र नजरेआड होतो. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील मूर्ती त्या वर्षापूर्वीची आहे, हे राखेचा थरच सांगतो. तेरच्या मूर्तीला अशी साक्ष देणारा थर नाही. ती उत्खननातून नव्हे, तर संग्रहातून आलेली आहे. तिचा काळ इतर मूर्तींशी तुलना करून ठरवावा लागतो. ती कोणत्या खोलीवर होती, तिच्या शेजारी कोणती भांडी होती, ती घरात होती की कारागिराच्या कामाच्या जागी, हे प्रश्न विचारता येतात. त्यांची उत्तरे मात्र मातीबरोबरच निघून गेली. यात लामतुरे यांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांनी हात पुढे केला नसता, तर वस्तूही उरल्या नसत्या. पण वस्तू वाचणे आणि वस्तूची हकीकत वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली छंदाने साधते. दुसरीसाठी त्या कामाचे शिक्षण घेतलेला, त्याच कामावर नेमलेला माणूस लागतो.

या माणसाला मराठीत ‘अभिरक्षक’ म्हणतात. शब्द भारदस्त असला तरी त्यामागील काम लोकांच्या फारसे ध्यानात येत नाही. अभिरक्षक म्हणजे काचेच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा आणि पाहुणे आले की त्यांना दालनांतून फिरवणारा अधिकारी, अशीच सर्वसाधारण समजूत असते. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात त्याचे मुख्य साधन कपाट नसून नोंदवही असते. वस्तू दारात आली की तिला क्रमांक द्यायचा, तो वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर, पुढे इजा न करता पुसता येईल अशा रीतीने लिहायचा, माप, वजन, द्रव्य आणि आजची अवस्था टिपायची, छायाचित्र घ्यायचे. इतके तर कोणत्याही संग्रहालयात होते. स्थानिक संग्रहालयाची खरी कसोटी पुढच्या रकान्यांत लागते: ती कोणी आणली, कोठे मिळाली, त्या शेताला गावात काय म्हणतात, नांगराच्या फाळाला लागली की विहीर खणताना वर आली, आणि आणणाऱ्याच्या घरी तिच्याविषयी काय सांगितले जाते? एवढ्या प्रश्नांची उत्तरे लिहिलेले साधे खापर हे कोणतीही माहिती नसलेल्या सुबक मूर्तीपेक्षा इतिहासाच्या अधिक उपयोगी पडते. हे विधान धाडसाचे वाटेल; पण ज्यांना मूर्तीचे सौंदर्यच हवे त्यांच्यासाठी मोठ्या शहरांतील कलादालने आहेत.

वस्तू सांभाळण्याचे काम तरी कोठे सोपे आहे? हस्तिदंत हवेतील दमटपणाच्या चढउताराने तडकतो. मातीच्या भांड्यांत मुरलेले क्षार वर येऊन पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. कापडाचा रंग प्रकाशाने विटतो आणि एकदा विटलेला रंग परत येत नाही. कागदाला कसर लागते, लाकडाला वाळवी. मोडी कागदांच्या फाटलेल्या कडा कोणी सद्हेतूने चिकटपट्टीने जोडल्या, तर काही वर्षांनी ती पट्टीच कागद खाते. यांपेक्षा मोठा शत्रू म्हणजे स्वच्छतेची हौस. मंत्रिमहोदय येणार म्हणून तांब्या-पितळेच्या जुन्या मूर्ती चिंच आणि राख लावून लखलखीत केल्या, की शेकडो वर्षांत जमलेला संरक्षक थर एका सकाळी नष्ट होतो. घरातला तांब्या घासावा, संग्रहालयातला घासू नये. हे शिपायाला समजावून सांगणे हाही अभिरक्षकाच्या नोकरीचा भाग आहे आणि तेवढेच साहेबांनाही समजावून सांगणे हा तिचा अधिक कठीण भाग आहे.

असे असताना लहान संग्रहालयांचा कारभार ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची प्रथा समर्थनीय ठरत नाही. महिन्यातून दोनदा येणारा अधिकारी हजेरीपत्रकावर सही करू शकतो. तो गावातील माणसांचा विश्वास मिळवू शकत नाही. आणि या कामात विश्वास ही सोयीची गोष्ट नसून कामाचे भांडवल आहे. शेतकऱ्याला जमिनीत काही सापडले, तर त्याच्या मनात पहिली भावना आनंदाची नसते, भीतीची असते. शेत ताब्यात जाईल, पोलीस येतील, चौकशीचे खेटे घालावे लागतील, या धास्तीने तो वस्तू पुन्हा पुरतो किंवा रात्रीतून व्यापाऱ्याला देतो. कायदा प्रत्यक्षात काय सांगतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते; परंतु शासनाने तो ठेवा संपादन केल्यास त्याची किंमत आणि त्यावर आणखी पाचवा हिस्सा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर आणि परदेशी पाठवणीवर बंधने घातली. घरातील वडिलोपार्जित वस्तू बाळगणे हा मात्र गुन्हा ठरवलेला नाही, ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी तेवढी आवश्यक केली आहे. हे सारे बांधावर उभे राहून, शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारा माणूस गावात राहणाराच हवा.

लहान संग्रहालयांतील मौल्यवान वस्तू मोठ्या शहरात हलवाव्यात, तेथे पहारा आहे, प्रयोगशाळा आहे, हजारो प्रेक्षक आहेत, असाही एक विचार मांडला जातो. त्यात तथ्य आहे. जेथे छत गळते आणि रात्री पहारेकरी नसतो तेथे हस्तिदंत ठेवण्याचा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. पण या विचाराचा शेवट कोठे होतो तेही पाहिले पाहिजे. तेरमध्ये त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे त्याच्या चापाकार बांधणीवरून अभ्यासक सांगतात. संग्रहालयातील वस्तू पाहून बाहेर पडलेला विद्यार्थी काही पावलांवर ती वास्तू पाहू शकतो, तेरणेचे पात्र पाहू शकतो आणि ज्या पांढरीतून त्या वस्तू आल्या त्या मातीवर उभा राहू शकतो. शहरातील कपाटात तीच मूर्ती ‘सातवाहन काळ, हस्तिदंत’ एवढ्या पाटीपुरती उरते. छत गळत असेल तर छत दुरुस्त करणे, हा उपाय मूर्ती हलवण्यापेक्षा स्वस्त आहे.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. कोणाच्या वस्तू ठेवायच्या? वाड्यांतील तलवारी, पानदाने, समया आणि पैठण्या टिकल्या, कारण वाड्यांत त्या जपायला जागा होती आणि माणसेही होती. मजुराच्या घरातील वस्तू वापरून वापरून संपल्या. पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी (१८९६–१९९०) अडकित्ते, दिवे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा करून आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले, तेव्हा राजे आणि लढाया यांपलीकडे इतिहास असतो हे पुष्कळांना प्रथमच दिसले. तरीही कलाकुसर असलेला अडकित्ता संग्रहालयात जाणे आणि केरसुणी, सूप, दोर वळण्याचे साधन किंवा चांभाराची रापी जाणे, यांत अंतर आहे. ज्या जातींच्या हातांनी गाव चालले त्यांच्या हत्यारांना संग्रहालयात स्थान नसेल, तर ते संग्रहालय गावाचे म्हणता येणार नाही. ते फार तर पाटील-देशमुखांच्या घरांचे ठरेल. केवळ हत्यार मिळवून भागणार नाही. मोटेचे उदाहरण घ्यावे. नाडा, सोंदूर, चाक, कणा, थारोळे, धाव हे शब्द ज्यांनी मोट हाकली त्यांच्या तोंडी होते. इंजिने आणि विजेचे पंप आले, मोटा अडगळीत गेल्या आणि आता ते शब्द जाणणारी माणसेही थकली आहेत. मोट पुढील वर्षीही मिळेल. ती कशी हाकत, बैल मागे सारताना काय म्हणत, पाणी सुटल्याचा आवाज दुरून कसा ओळखत, हे सांगणारे आजोबा पुढील वर्षी भेटतीलच असे नाही. अभिरक्षकाच्या कामाचा क्रम यावरून ठरला पाहिजे: आधी माणूस, मग वस्तू.

लातूर-उस्मानाबाद भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली दगावली. अनेक गावे मूळ जागा सोडून नव्या, सरळ रेषांच्या वसाहतींत गेली. जुन्या गावात कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, पार कोठे होता, कोणत्या आडाचे पाणी कोणाला वर्ज्य होते, हे आज चाळिशी ओलांडलेल्या माणसांनाच नीट आठवते. ही माहिती कोणत्याही उत्खननात सापडायची नाही. ती लिहून घेण्यासाठी लागणारा खर्च एका पुतळ्याच्या चौथऱ्याएवढाही नाही.

महाराष्ट्राबाहेरही हे काम शिल्लक आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे मोठे भांडार आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांत अशा कागदांच्या पिशव्या निघतात. घरातील नव्या पिढीला मोडी वाचता येत नाही, म्हणून त्या रद्दीत जातात. जवळच्या संग्रहालयात मोडी जाणणारा एक माणूस असेल, तर निदान कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने एवढे लिहिले जाईल, की ही जमिनीची सनद आहे, हा लग्नाचा खर्च आहे आणि हा कागद अमुक घरातील माळ्यावर मिळाला.

तेरच्या संग्रहात पांढऱ्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, दोन्ही भाग जोडून त्या घडवलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकात या तंत्राला ‘दुहेरी साचा’ असे दोन शब्दांत उरकले जाते. साच्यातून ओली माती न फाटता कशी सुटते, सांधा कोठे उघडतो, भट्टीत कोणती बाजू आधी तडकते, हे मात्र ज्याचा हात मातीत गेला आहे अशा एखाद्या कुंभाराला विचारावे लागते. संत गोरोबांच्या गावातील अभिरक्षकाने ती मूर्ती त्याच्यापुढे ठेवावी, तो काय म्हणतो ते ऐकावे आणि नोंदवहीच्या शेरा या रकान्यात त्याच्या नावासह लिहावे.