रेंगाळणारी काच

मोटारीच्या दाराला पूर्वी हँडल असे. ते फिरविताना काच जड लागू लागली की प्रथम हाताला कळे. आता ते कष्ट विजेची मोटर करते, आणि तिची तक्रार आपल्यापर्यंत पोहोचेतो बरेच दिवस लोटलेले असतात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारी आज, जुनी का होईना, गाडी उभी असते. तिची काच वर जाताना रेंगाळते, मधेच अडते आणि गॅरेजवाला म्हणतो, “मोटर गेली, बदला.” बदलण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात, म्हणून हा प्रपंच.

दाराच्या पोटातील ती लहानशी मोटर काच उचलते ती तारेच्या दोराने, किंवा कात्रीप्रमाणे उघडमीट करणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनी. या जोडणीस गॅरेजमध्ये ‘मशीन’ म्हणतात. काच दोन्ही कडांनी रबरी खाचेतून सरकते. खाचेला आतून मखमलीसारखे मऊ अस्तर असते. आपल्या रस्त्यांवरची तांबडी धूळ या अस्तरात बसते, पावसात तिचा चिखल होतो, उन्हात तो वाळतो, आणि रबरही वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होते. मग काच खाली येताना तिचे वजन मोटरीस साहाय्य करते. वर जाताना मात्र वजन आणि घर्षण दोन्ही आडवी येतात. काच खाली झरझर येते पण वर कुंथत जाते, असे दिसले तर पहिला संशय खाचेचा घ्यावा, मोटरीचा नव्हे.

उपाय स्वस्त आहे. काच पूर्ण खाली करावी व इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. चपट्या काठीला ओले फडके गुंडाळून खाच वरपासून जेथवर काठी पोहोचेल तेथवर पुसावी. फडके स्वच्छ निघेपर्यंत हे करीत राहावे. पहिल्या दोन-तीन फडक्यांचा रंग पाहून पुष्कळांस नवल वाटेल. खाच वाळली की सिलिकॉनचा फवारा मारावा आणि काच चार-पाच वेळा वरखाली करावी. ग्रीस किंवा इंजिनचे तेल खाचेत मुळीच घालू नये. खनिज तेलाने रबर फुगते आणि तेलावर धूळ अधिकच चिकटते. खोबरेल तर घरात हाताशी असते म्हणून वापरले जाते, पण इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत ते गोठून बसते! एकसारखे बटण दाबूनही मोटरीचा छळ करू नये. बहुतेक मोटरी तापल्या की आपोआप थांबतात आणि निवल्यावर पुन्हा चालतात. तेवढ्यावरून ती जळाली असे मानू नये.

एवढ्याने भागले नाही तर निदान करावे. सर्वच काचा मंद असून इंजिन सुरू केल्यावर त्या वेगाने चालतात, तर बॅटरी तपासावी. चालकाच्या बटणाने काच चालते पण तिच्या स्वतःच्या बटणाने नाही, तर दोष बहुधा त्या बटणाचा. दार कमीअधिक उघडताच काच चालू-बंद होते, तर बिजागरीजवळची तार तुटत आली आहे. मोटर घरघरते पण काच जागची हलत नाही, किंवा तिरकी होते, तर मशीन गेली. ते काम मात्र मिस्त्रीचेच. दाराच्या आत बोटे घालून साहस करू नये.

मुलांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. वर चढणारी काच बाहेर डोकावणाऱ्या मुलाचा गळा दाबू शकते. अडथळा लागताच मागे फिरणारी काच सर्व गाड्यांत नसते. कित्येकांत ती केवळ चालकाच्या दारास असते. (अशी काच कोरड्या खाचेलाही अडथळा समजून परत खाली येते, हेही जाता जाता सांगतो.) मुले गाडीत असता मागील काचांना कुलूप घालणारे बटण दाबलेले असावे, आणि मुलांपाशी किल्ली ठेवून वडीलधाऱ्यांनी दुकानात जाऊ नये.

संत ख्रिस्तोफरचा सण 25 जुलैस, ऐन पावसाळ्यात येतो. कित्येक गाड्यांत त्यांचे पदक लटकते, ते योग्यच. पण खाच पुसण्याचे काम आपणच केले पाहिजे. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असता गाडी घालूच नये. दुर्दैवाने गाडी पाण्यात गेलीच, तर दार उघडण्याच्या खटपटीत न पडता पट्टे सोडून ताबडतोब काचा खाली कराव्यात व मुलांना प्रथम बाहेर काढावे. पाणी काचेपर्यंत चढले की त्याच्या दाबाने काच खाचेत आवळली जाते, आणि मग चांगली मोटरही हतबल होते. त्या क्षणी जी काच आधीच रेंगाळत होती, तिच्यासाठी थांबायला वेळ नसतो.