फायलीतले पणजोबा बाहेर काढा!

जून-जुलै उजाडला की आमच्या वकिलीच्या टेबलासमोर एक ठरावीक दृश्य दिसते. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, सोबत धास्तावलेला बाप आणि बापाच्या हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते आणि जात पडताळणी समितीला पुरावा हवा असतो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. मग धावपळ सुरू होते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली नोंद, प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ. ज्या पणजोबांचे नाव घरात वीस वर्षांत कोणी उच्चारले नव्हते, ते पणजोबा आठ दिवसांत तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून बाहेर येतात. वैधता प्रमाणपत्र हाती पडते, पेढे वाटले जातात आणि फाइल पोटमाळ्यावर जाते. तिच्याबरोबर पणजोबाही!

आज आम्हाला या पोटमाळ्यावरच्या फायलीविषयीच बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे आला होता. त्याच्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळाला होता. उतारा पक्का होता, १९५० च्या कितीतरी आधीचा. पण पालकाच्या धंद्याच्या रकान्यात एकच शब्द होता, 'येसकर'. त्या तरुणाने खालच्या आवाजात विचारले, "साहेब, एवढी एक ओळ झाकून झेरॉक्स काढली तर चालेल का?" दस्तऐवजात अशी लपवाछपवी करता येत नाही, हे आम्ही त्याला सांगतच होतो. तेवढ्यात बाकावर बसलेली त्याची आजी म्हणाली, "झाकतोस कशाला? माझा सासरा रात्रभर गाव राखायचा आणि सकाळी पोराला शाळेच्या वट्याखाली बसवून यायचा. गावानं विचारलं, पोराला काठी कधी देतोस? तर म्हणाला, काठी माझ्यापातूर. पोराच्या हातात पाटीच ऱ्हाईल."

त्यानंतर ती आजी अर्धा तास बोलत होती. नातू तोंडाकडे पाहत राहिला. सरकारी रजिस्टरात एक शब्द होता, ज्याची त्याला लाज वाटत होती. आजीजवळ त्या शब्दामागचा माणूस होता, ज्याच्यापुढे मान झुकावी. आणि गंमत अशी की, रजिस्टर शोधायला तो तीन वेळा तालुक्याला गेला होता. आजीला मात्र त्याने घरातल्या घरात एकदाही विचारले नव्हते.

आमचा मुद्दा एवढाच आहे. समितीसाठी आपण पुरावा गोळा करतो. आता आपल्यासाठी इतिहास लिहायला घेतला पाहिजे. प्रत्येक घराने, स्वतःच्या हाताने.

येथे आमचे काही धम्मबांधव आक्षेप घेतील. जन्माने कोणी श्रेष्ठ वा नीच ठरत नाही, ही तथागतांची शिकवण. ज्यांनी कुळ-गोत्राचा फाजील अभिमान धुडकावला, त्यांनी वंशावळी कशाला उकरायच्या? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. प्रस्थापित घराण्यांचे कुलवृत्तांत आपण पाहिले आहेत. मूळपुरुष, कुलदैवत, गोत्र, इनामे, मानमरातब अशी त्यांची मांडणी. त्यांची नक्कल आपल्याला करायची नाही. आपलेही पूर्वज कुठल्या तरी राजघराण्यातून निघाले, असे सांगणाऱ्या कथाही नकोत. अभिमान मिरवण्यासाठी लिहिला जातो तो कुलवृत्तांत; जे घडले ते घडले असे सांगण्यासाठी दिली जाते ती साक्ष. आपल्याला साक्ष द्यायची आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे बुद्धांनी शिकवले. आपले घर आज जिथे उभे आहे तिथे ते कोणत्या कारणांनी आणि कोणाच्या निर्णयांनी आले, हे शोधणे धम्माच्या विरोधात कसे जाईल?

बाबासाहेबांनी स्वतः हे केले आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर त्यांना पुढे जावे लागते. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवला. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाला तो लपवता आला असता. त्यांनी तो साक्षीदाराच्या शांतपणे सांगितला. म्हणून तर आज तो जगभर वाचला जातो.

दुसरा दाखला शाळेच्या रजिस्टरचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातली एक ओळ काय मोलाची असते ते यावरून कळावे. तशीच एक ओळ तुमच्या घराचीही कुठल्या तरी गावच्या शाळेत असू शकेल. तुमच्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा चढणारे पाऊल कोणाचे, त्या दिवसाची तारीख कोणती, हे तुम्हाला माहीत आहे काय?

आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवले नाही, कारण त्यांना लिहू दिले गेले नाही. पण त्यांच्याविषयी कोठेच काही लिहिले गेले नाही, हा समज चुकीचा आहे. राज्यकर्त्यांना त्यांच्या श्रमाची गरज होती, म्हणून त्यांच्या नोंदी झाल्या. महार वतनाचेच पाहा. हे वतन म्हणजे मान नव्हता, वेठ होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले ते यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. पण त्या वेठीने कागद मागे ठेवले. इनाम वर्ग ६ ब च्या जमिनींची कागदपत्रे, जुने फेरफार आणि त्यांत वतनदारांची व वारसांची नावे. ज्या कागदांनी आपल्याला बांधले, त्याच कागदांवर आज आपल्या पणजोबांचा ठावठिकाणा लागतो.

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही, हेही वकील या नात्याने सांगितले पाहिजे. वतन रद्द झाल्यावर या जमिनी कब्जाहक्काची रक्कम भरून मूळ वतनदारांना फेरप्रदान करण्याची तरतूद होती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या हस्तांतरित करता येणार नाहीत, अशी अट होती. प्रत्यक्षात काय झाले? किती जमिनी कोणाच्या नावावर गेल्या, हे वारसांनाच ठाऊक नाही. "आमची वतनाची जमीन होती म्हणतात," एवढेच सांगत लोक आमच्याकडे येतात. गट नंबर माहीत नाही, पणजोबांचे पूर्ण नाव माहीत नाही, किती भाऊ होते माहीत नाही. म्हाताऱ्यांपैकी ज्याला माहीत होते, तो गेल्या वर्षी गेला. ज्या घराला स्वतःचा इतिहास ठाऊक नसतो, त्या घराचा सातबारा दुसराच कोणी लिहितो!

मग शोधायचे कुठे? सुरुवात घरातल्या पत्र्याच्या पेटीतून करावी. जुने दाखले, रेशन कार्ड, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, दीक्षा समारंभाचा एखादा फोटो. नंतर गावची शाळा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. हीच ती कोतवाल बुक. भूमी अभिलेख कार्यालय. त्याहून मागे जायचे तर मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारे. पश्चिम महाराष्ट्रातले जुने कागद मोडीत सापडतील, मराठवाड्यात निजामी अमलातले उर्दूत. तेव्हा जाणकाराची मदत घ्यावी. आजोबा गिरणीत, रेल्वेत वा गोदीत असतील तर त्यांचे नोकरीचे कागद, पलटणीत असतील तर पेन्शनीचे कागद पाहावेत. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे आपण दर १ जानेवारीला वाचतो. जुन्या नोंदींतही आडनावाऐवजी असेच नाव आढळू शकते. ते पाहून 'हे आमचे नव्हेत' म्हणून पान उलटू नका.

कागद खोटेही बोलतात, हे लक्षात असू द्यावे. जुन्या दाखल्यांवर कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून सापडते. ती आईने सांगितलेली नसते, मास्तरांनी ठरवलेली असते. आई सांगते, "मोठ्या पुरात झाला." अशा वेळी दोन्ही लिहावे, कागद काय म्हणतो आणि आई काय म्हणते. जे सापडले नाही, तिथे 'सापडले नाही' असे लिहावे. मोकळी जागा कल्पनेने भरू नये. खोट्या साक्षीने खरा दावा बुडतो, हे आम्ही कोर्टात पुष्कळदा पाहिले आहे.

आणि कागदांत मुळीच न सापडणाऱ्यांचे काय? पडताळणीची वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. त्यात आजी नाही, आत्या नाही, मावशी नाही. लग्नात नाव बदललेल्या बाईचे माहेरचे नाव तर तिच्या नातवंडांनाही माहीत नसते. पण काठीऐवजी पाटी हाती द्यायचा निर्णय एकट्या बापाचा नव्हता. मोलमजुरी करून मुलांना वसतिगृहात धाडणारी, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून घर जगवणारी ती बाई होती. तेव्हा आपल्या वंशावळीत प्रत्येक पुरुषासमोर त्याच्या पत्नीचे नाव हवे, तिचे माहेरचे नाव व गावही हवे. मुलींची नावे हवीत आणि त्यांचे पुढे काय झाले तेही हवे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. त्या दोघींनी समाजासाठी जे केले, ते आपल्याला आपल्या एका घरासाठी करायचे आहे.

लिहायचे कसे, हा प्रश्न पुष्कळांना अडवतो. "आम्ही काय लेखक आहोत?" दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, बेबीताई कांबळेंचे 'जिणं आमुचं' १९८६ साली, नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली. या पुस्तकांनी आपल्याला वाट दाखवली. पण प्रत्येक वस्तीला स्वतःचा दया पवार मिळेपर्यंत थांबायचे काय? जसे आजी सांगते तसे लिहा, तिच्याच बोलीत. नावांची यादी देऊन थांबू नका, गोष्ट सांगा. गोष्ट निर्णयातून तयार होते. गाव कोणी सोडले आणि कोणत्या रात्री? मेलेले ढोर ओढायला पहिल्यांदा नाही कोण म्हणाले आणि त्याची काय किंमत मोजली? महाडला, नाशिकला घरातून कोणी गेले होते काय? देव्हाऱ्यातले देव कोणी उतरवले आणि तेव्हा घरात कोण रडले? हेही लिहा, लपवू नका. पोतराज, जोगतीण घरात असतील तर त्यांनाही वगळू नका. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी लाजायचे आणि ज्यांनी केला, त्यांनी कुलवृत्तांत छापायचे, हा उलटा न्याय आपण का मानावा?

वंशावळ लिहून काढल्यावर एकदा तिच्यातली नुसती नावे वाचून पाहा. कचरू, दगडू, धोंडाबाई अशी सुरुवात होते आणि पुढे सिद्धार्थ, राहुल, संघमित्रा, प्रज्ञा अशी नावे येऊ लागतात. मध्ये एक रेघ असते. ती रेघ १४ ऑक्टोबर १९५६ ची. आपल्या मुलांना पुराव्यासाठी त्या रेघेअलीकडचा शब्द शोधावा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी जातीचा पुरावा जुन्याच शब्दाचा द्यावा लागतो. रेघेपलीकडे पाऊल टाकताना आजोबांना काय वाटले, हे मात्र कोणतीही समिती विचारत नाही. ते आपणच विचारायचे आहे.

आणि त्याला फार अवधी उरलेला नाही. दीक्षाभूमीवर त्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून गेलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या वस्तीत एक साक्षीदार कमी होतो. कोर्टात साक्षीदार मरण पावला तर निदान त्याचा आधीचा जबाब वाचता येतो. आपल्या म्हाताऱ्यांचा जबाब आपण नोंदवलाच नाही, तर मागाहून काय वाचणार?

तेव्हा समाजबांधवांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. एक शंभर पानी वही घ्या. येत्या रविवारी घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा. मोबाइल हातात असतोच, तो रेकॉर्डिंगला लावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत निदान वीस पाने भरा. एक प्रत घरात ठेवा, एक विहारात द्या. ग्रंथाबरोबर वस्तीतल्या घरांच्या वह्याही विहाराच्या कपाटात असल्या, तर पुढची पिढी कोणाच्याही तोंडाकडे पाहणार नाही. आणि पोटमाळ्यावरची ती पडताळणीची फाइल खाली काढा. त्या वहीचे पहिले पान तिच्यातच आहे.

जयभीम!