एकट्याची तक्रार

संगणकाची नवी कार्यप्रणाली सर्वांना देण्याआधी तिची चाचणी आवृत्ती काही हौशी लोकांना वापरायला देतात. त्यांनी ती वापरायची व चुका कळवायच्या. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' साठी २०१४ पासून हीच पद्धत ठेवली.

पद्धत चांगली आहे. पण २ ऑक्टोबर २०१८ ला नवी आवृत्ती सर्वांसाठी निघाली आणि काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या! ज्यांनी कागदपत्रांचा फोल्डर दुसऱ्या जागी हलवला होता, त्यांच्या जुन्या फोल्डरमध्ये राहिलेल्या फायली गेल्या. थोड्याच दिवसांत वाटप थांबवावे लागले.

हा दोष चाचणी करणाऱ्यांनी काही महिने आधीच कळवला होता. दुजोरा देणारे थोडे, म्हणून तक्रार मागे पडली. माझ्या मते चूक येथेच झाली. तक्रार करणारे किती, हे मोजले. नुकसान केवढे, हे पाहिले नाही. वर्गात एकच मुलगा म्हणाला, "सर, फळ्यावरचे उत्तर चुकले," तर हात मोजायचे की फळा पाहायचा? (मीही कधी अशा मुलाला खाली बसवले आहे, हे कबूल करतो.)

पुढे कंपनीने दोष किती गंभीर आहे, हे नोंदवण्याची सोय केली. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा निघाली. पुसलेल्या फायली परत मिळतीलच, अशी खात्री मात्र कंपनीलाही देता आली नाही.