गरुडाखालचा ‘एम’: ठसा काय सांगतो आणि विक्रेता काय सांगतो

१/ गरुडाखाली ‘एन’ आहे, म्हणून तो ‘नॉर्डझे’चा, म्हणजे उत्तर समुद्राचा, म्हणून पिस्तूल जर्मन नौदलाचे, म्हणून पाणबुडीवरचे, म्हणून किंमत वाढीव. परदेशातील एका लिलावाचे हे वर्णन गेल्या महिन्यात एका परिचितांनी मला पाठविले. या साखळीतील एकही कडी खरी नाही. आणि लाजेने नमूद करतो की त्यातली पहिली कडी मी स्वतः येथेच एका जुन्या धाग्यात खरी म्हणून लिहिली होती. हा धागा त्या चुकीची दुरुस्ती आहे आणि त्या बाजाराविरुद्धची तक्रारही.

२/ आधी तो ‘एन’. जर्मनीत बंदूक विक्रीस जाण्यापूर्वी अधिक दाबाचे काडतूस उडवून तिची मजबुती तपासणे कायद्याने बंधनकारक होते. धूरहीन दारूच्या, म्हणजेच ‘नायट्रो’च्या, कसोटीला उतरलेल्या शस्त्रावर ‘एन’ उमटविला जाई. आरंभी त्यावर मुकुट असे. १९३९ च्या कायद्यानंतर, १९४० पासून, मुकुटाच्या जागी गरुड आला. ही नागरी चाचणीगृहाची मुद्रा आहे. नौदलाच्या पिस्तुलावरही ती आढळू शकते, परंतु नौदलामुळे नव्हे. पोटावरच्या टाक्यांवरून एखाद्याला सैनिक ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

३/ मग नौदलाची खूण कोणती? कैसरच्या काळात मुकुटाखाली ‘एम’, म्हणजे ‘मरीने’. हिटलरच्या काळात गरुडाखाली ‘एम’. ही स्वीकृती-मुद्रा: माल तपासला, घेतला. भूसेनेची पद्धत वेगळी होती. तिथे गरुडासोबत शस्त्र-कार्यालयाच्या तपासनिसाचा क्रमांक येतो. नौदलाच्या पिस्तुलावर याखेरीज मालमत्ता क्रमांकही आढळतो, बहुधा मुठीच्या पट्टीवर. त्याच्या आधी ‘एन’ किंवा ‘ओ’ असतो: नॉर्डझे किंवा ओस्टझे, उत्तर समुद्र किंवा बाल्टिक, विल्हेल्म्सहाफेन किंवा कील. थोडक्यात, नॉर्डझेचा ‘एन’ खरोखर आहे. फक्त तो गरुडाच्या पायाशी नसतो, आकड्याच्या आधी असतो. एवढा फरक न पाहता मी लिहून मोकळा झालो होतो.

४/ जर्मन नौदलाने लुगर पिस्तूल १९०४ मध्ये स्वीकारले, भूसेनेने १९०८ मध्ये. नौदलाची नळी १५० मिलिमीटर, भूसेनेची १००. नौदलाच्या पिस्तुलाला शंभर व दोनशे मीटरसाठी बदलता येणारी मागची माशी होती आणि खांद्याला टेकविण्यासाठी लाकडी दस्ता जोडता येई. जहाजावरच्या माणसाला याचा उपयोग काय? किनाऱ्यावर उतरणारी तुकडी, परक्या जहाजावर चढणारे पथक, पहारा. नौदलाचे पिस्तूल म्हणजे समुद्रातच झाडले गेलेले पिस्तूल, ही समजूत येथेच ढासळते.

५/ दुसरा सापळा ‘१९२०’ हा आकडा. अनेक लुगर पिस्तुलांवर दोन वर्षे कोरलेली दिसतात, उदाहरणार्थ १९१७ आणि १९२०. विक्रेता कधी धाकटे वर्ष निर्मितीचे सांगतो, तर कधी ‘दोनदा लढलेले’ म्हणून गोष्ट रचतो. वस्तुस्थिती रुक्ष आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये कीलच्या खलाशांनी उठाव केला, साम्राज्य कोसळले, शस्त्रे सर्वत्र पांगली. नव्या प्रजासत्ताकाला आपली शस्त्रे आणि लोकांनी घरी नेलेली शस्त्रे यांत भेद करणे भाग होते. ‘१९२०’ हा त्या सरकारचा मालकीचा शिक्का आहे. त्यात पराक्रम नाही. एक भेदरलेले शासन आपली भांडीकुंडी मोजत आहे.

६/ आणि हेच त्याचे मोल आहे. ठसा म्हणजे कारकुनाची नोंद. कागद जळाले, दप्तरे बाँबहल्ल्यांत गेली, पण धातूवरची नोंद उरली. अनुक्रमांक आणि मालमत्ता क्रमांक शेजारी मांडले तर कोणता माल कोणत्या तळाकडे गेला याचा अंदाज बांधता येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ताम्रपट जसा, तसाच हा ठसा. लहान, कोरडा, पण समकालीन.

७/ आता ‘पाणबुडीवरचे पिस्तूल’. गरुड-एम असे सांगत नाही, ‘ओ’ किंवा ‘एन’ही सांगत नाही. मालमत्ता क्रमांक तळ सांगतो, नौका सांगत नाही, माणूस तर नाहीच. जर्मन नौदलाकडे किनारी तोफखाना होता, गोद्या होत्या, भांडारे होती, प्रशिक्षणशाळा होत्या. सर्वांची स्वीकृती-मुद्रा तीच. शिवाय साधा विचार करा: पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार माणसांपैकी जवळजवळ ३० हजार परतले नाहीत. त्यांच्यासोबत असलेली पिस्तुले आज कपाटात नाहीत. समुद्राच्या तळाशी आहेत. स्वतंत्र कागद नसेल, तर ‘पाणबुडी’ हा शब्द विक्रेत्याचा आहे.

८/ येथून खरा गुन्हा सुरू होतो. गोष्टीला भाव आहे म्हटल्यावर ठसा बनविला जातो. मुळात नागरी विक्रीसाठी घडविलेल्या माउझर पिस्तुलावर आज कोणीतरी गरुड-एम उठवितो. खरेखोटे ठरविताना जाणकार विचारतात: अनुक्रमांक नौदलाच्या ज्ञात मालाच्या टप्प्यात बसतो का? अक्षरांचे वळण त्या काळचे आहे का? ठसा आधीचा की धातूवरचा ओप आधीचा? उरलेल्या खुणा एकमेकींशी जुळतात का? यांतील एकट्या प्रश्नाने निकाल लागत नाही. सर्वांची साक्ष काढावी लागते.

९/ ‘छंद आहे, पैसा त्यांचा, तुमचे काय जाते?’ हा आक्षेप मला नेहमी ऐकविला जातो. माझे बरेच काही जाते. बनावट ठशामुळे एक ग्राहक फसतो, हे नुकसान लहान. त्याचे छायाचित्र संदर्भ म्हणून फिरते, पुढचा अभ्यासक ते क्रमांकांच्या यादीत घेतो, आणि खऱ्या नोंदींच्या रांगेत एक खोटी नोंद कायमची बसते. कागदाचा बनाव उघडा पडला तर कागद बाजूला काढता येतो. येथे मूळ शस्त्राची खरी नोंदही त्याच घावाखाली बिघडलेली असते. बनावटगिरी करणारा इतिहास विकत नाही, इतिहास खोडतो.

१०/ हा रोग केवळ जर्मन नाही. मराठ्यांच्या फिरंग तलवारीचे पाते युरोपातून येई, म्हणून तिचे नाव फिरंग. पासाऊच्या कारागिरांची ‘धावता लांडगा’ ही खूण सोलिंगेनच्या कारागिरांनी उचलली. हिंदुस्थानात युरोपीय पात्याला मान होता, म्हणून युरोपीय खुणांच्या नकला येथेही झाल्या. लांडगा दिसला की ‘अस्सल जर्मन पाते’ म्हणून छायाचित्र पुढे पाठविणाऱ्या आपल्या मंडळींनी लिलावातल्या ग्राहकाला हसू नये. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. ती जुनी नक्कल आता स्वतःच समकालीन पुरावा झाली आहे. कालपरवा उठविलेला गरुड-एम कशाचाच पुरावा नाही.

११/ शेवटी, जे बोलायला कोणाला आवडत नाही ते. ‘नौदल तेवढे स्वच्छ होते’ ही दंतकथा या मुद्रेच्या भावाला आधार देते. जर्मनीची शरणागती ८ मे १९४५ रोजी अमलात आली. त्यानंतर दोन दिवसांनी, १० मे रोजी, गेल्टिंगच्या उपसागरात ‘बुएआ’ या जहाजावर जर्मन नौदलाने आपल्याच तीन खलाशांना पळून गेल्याच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. युद्ध संपले होते, ते घरी निघाले होते. गरुडाखालचा ‘एम’ त्याही नौदलाचा आहे. ज्याला मुद्रा हवी त्याने ही नोंदही घ्यावी.

१२/ मी संग्राहकांच्या विरोधात नाही. अनेक खुणांचा उलगडा विद्यापीठांनी नव्हे, भिंग घेऊन बसलेल्या हौशी माणसांनी केला आहे. त्यांच्याकडून मागणे एवढेच: वर्णन लिहिताना ठसा काय सांगतो ते एका ओळीत लिहा, आणि तुम्हाला काय वाटते ते दुसऱ्या ओळीत. दोन ओळींमधले अंतर प्रामाणिकपणे राखा. माझ्या जुन्या धाग्यात ते अंतर राखले गेले नव्हते. तो मी काढून टाकलेला नाही. त्याखाली ही दुरुस्ती जोडली आहे. चूक खोडणे आणि चूक सुधारणे यांतला फरक मला या ठशांनीच शिकविला.

(धागा समाप्त)