फाईलच्या तळाशी राहिलेला कागद

गेल्या महिन्यात अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ सुनेसह रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले. अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या अपेंडिक्सची, म्हणजे आंत्रपुच्छाची, तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. फाईल चाळताना तळाशी बायोप्सीचा अहवाल सापडला. आंत्रपुच्छात चिकट स्राव निर्माण करणारी, मंद गतीने वाढणारी गाठ असल्याची नोंद त्यात होती. “अहवाल उशिरा आला. बाबांना बरं वाटत होतं, म्हणून कुणाला दाखवला नाही,” सूनबाई म्हणाल्या.

काढलेल्या शंभर आंत्रपुच्छांपैकी साधारण एकात गाठ आढळते. बहुधा ती शस्त्रक्रियेपूर्वी ठाऊक नसते, अहवालातूनच कळते. रुग्णाचे पुढचे आयुष्य मुख्यतः गाठीचा प्रकार, तिचा आकार आणि आंत्रपुच्छ फुटले होते की नाही, यांवर अवलंबून असते.

‘न्यूरोएंडोक्राइन’ प्रकारची गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असून पूर्ण निघाली असेल, तर रुग्ण बहुधा कायमचा बरा होतो. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असल्यास मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ हा खरा कर्करोग. त्यावर आतड्याच्या कर्करोगाप्रमाणेच उपचार होतात.

आमच्या रुग्णाची गाठ तिसऱ्या प्रकारची. ती आंत्रपुच्छातच सीमित असेल, तर भवितव्य उत्तम असते. मात्र ती फुटून स्राव पोटात पसरला, तर पेशी पोटाच्या अस्तरावर रुजतात आणि काही वर्षांत पोट जेलीसारख्या द्रवाने भरू लागते. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांचे १९९३ मध्ये आंत्रपुच्छातून पसरलेल्या अशाच दुर्मीळ कर्करोगाने निधन झाले.

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. पोटातील रोगग्रस्त भाग काढून तेथे कोमट केलेले कर्करोगविरोधी औषध फिरवण्याची पद्धत रूढ झाली आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोळा केंद्रांतील २,२९८ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनंतर सुमारे ६३ टक्के रुग्ण हयात होते. ही शस्त्रक्रिया अनेक तासांची व कष्टाची असते. वयस्कर रुग्णाचे हृदय, मूत्रपिंड आणि एकूण ताकद पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

आणखी एक सूचना. आंत्रपुच्छाभोवती गळू झाल्यास कधीकधी केवळ प्रतिजैविके देऊन रुग्णाला घरी पाठवतात. फिनलंडमधील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश जणांत गाठ आढळली. ते सारे चाळिशीपुढचे होते. म्हणून बरे वाटू लागल्यावरही सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी आणि पुढील शस्त्रक्रियेविषयी सर्जनना अवश्य विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात : बायोप्सीचा अहवाल मागून घ्यावा, तो सर्जनना दाखवावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. पोटाचा घेर विनाकारण वाढू लागला किंवा नवा हर्निया दिसला, तर जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख डॉक्टरांपाशी आवर्जून करावा.

आमच्या रुग्णाचा सीटी स्कॅन सुदैवाने स्वच्छ आला. तरीही काही वर्षे ठरावीक अंतराने तपासणी करावी लागणार आहे. पुढची तारीख सूनबाईंनी माझ्यासमोरच दिनदर्शिकेसाठी टिपून घेतली आणि तो कागद फाईलमध्ये सर्वांत वर लावला.